देवाने मागितलेली साखर

राजश्रीच्या कनवटीला बारा महिने साखर असते. बारक्या प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर साखर, वरून रबर लावलेलं, आणि ती पिशवी निऱ्यांशेजारी घट्ट खोचलेली. शेतात जाताना, लग्नकार्याला जाताना, मयताला जातानासुद्धा. शेजारच्या गंगेने एकदा थट्टेने तिच्या कमरेला हात घातला, तर ही अशी दचकून मागे सरली की गंगेने जणू मंगळसूत्रच ओढलं. "वैनीला आमच्याकडचा चाय सपक लागता वाटता," असं गंगा त्या दिवशी म्हणाली आणि तेव्हापासून वाडीत राजश्रीच्या गोड जिभेची जी टिंगल सुरू झाली ती थांबलीच नाही. राजश्रीने ती होऊ दिली. खरं कळण्यापेक्षा हावरट ठरलेलं बरं, असा तिचा हिशेब.

साखर तिच्यासाठी नव्हतीच. ती तिच्या नवऱ्यासाठी, अनिलसाठी होती. अनिल मुंबईत छापखान्यात बरीच वर्षं होता. पाळ्यांचं काम, जेवणाला ना वेळ ना काळ. मधुमेह तिथेच जडला. गोळ्यांना तो दाद देईना तेव्हा नोकरी सोडून अनिल गावी आला आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्याला इन्सुलिनची सुई सुरू केली. सकाळी न्याहारीआधी एक, संध्याकाळी जेवणाआधी एक.

त्या दवाखान्यात एका सिस्टरने राजश्रीला समोर बसवून सगळं समजावलं होतं. सुई घेतली की वेळेत जेवायलाच हवं. जेवला नाही तर अंगातली साखर झपाट्याने उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भलतंच बडबडायला लागतो. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तत्काळ साखर द्यायची. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, थेट दवाखाना. सिस्टरने हे तिच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं आणि "आता घरच्यांना, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा हां," असं बजावलं. राजश्रीने मान हलवली. मान हलवायला काय जातं!

वाडीत सांगायची सोय नव्हती, आणि त्याला कारण केरूकाका. केरूकाका म्हणजे अनिलचे सख्खे चुलते. त्यांनाही साखरेचा आजार होता आणि तो त्यांनी कारल्याच्या रसावर काढला. पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय काळा पडला, आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे सुई लागली आणि थोड्याच दिवसांत काका गेले. कुजलेला पाय वाडी विसरली. सुई तेवढी लक्षात राहिली. काकांची बायको सखूकाकी येईल त्याला डोळ्यांना पदर लावून सांगायची, "सुई लागली नि मानूस गेला. सुई म्हंजे वरचा बोलावना." तिचं घर अनिलच्या घराला लागूनच, मध्ये एक कुडाची भिंत. राजश्रीला सासू नव्हती. सासूच्या जागी सखूकाकीच होती.

त्यात अनिलच्या घराला शिमग्यात देवाच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान. सुईवरच्या माणसाच्या खांद्यावर वाडी पालखी देईल का, हा अनिलचा घोर. "गो, कळला तर आज खांदा जाईल नि उद्या माला मेल्यात जमा करतील," तो म्हणायचा. मग फ्रिजमध्ये शेवयांच्या डब्यात इन्सुलिन, सुई घेताना मागचं दार बंद, आणि राजश्रीच्या तोंडाला कुलूप.

तिची अवस्था फार वाईट होती. जे कळायला हवं ते सगळं तिला कळत होतं, पण ते तिच्या एकटीच्या डोक्यात होतं, आणि ती काही सावलीसारखी नवऱ्यामागे फिरू शकत नव्हती. अनिल दुकानावर गेला की तिचा जीव दुकानावर. काजूच्या बागेत गेला की जीव काजूत. तिकडे हा घामाघूम होऊन पडला तर लोक काय करतील? कांदा हुंगवतील, डोक्यावर पाणी ओततील, चप्पल नाकाला लावतील, आणि हा त्यांच्या मायेखाली मरून जाईल. भाकरी थापताथापता हे डोक्यात यायचं आणि भाकरी करपायची.

आणि शेवटी झालं ते तिच्या डोळ्यांदेखत झालं.

शिमग्यात पालखी घरी येऊन जाईपर्यंत मानकऱ्याने तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, ही जुनी रीत. त्या वर्षी पालखी सकाळीच येणार म्हणून निरोप होता. अनिलने नेहमीच्या वेळी सुई घेतली. पण वरच्या वाडीत कुणाचा नवस निघाला, पालखी तिकडेच अडकली, आणि ऊन चढलं तरी ढोलाचा आवाज काही खाली येईना. राजश्रीने मागच्या दाराने दोनदा त्याच्या हाताला धरलं. "अहो, एक भाकरी खाऊन घ्या. दार लावतंय मी."

"पडवीत मानसा बसलीत. चावताना बगतील."

"मग साखर तरी घ्या."

"पालखी आली की सगलाच खातंय. टेन्शन नको घेव."

त्याला कळत नव्हतं असं नाही. तिच्याइतकंच त्यालाही सगळं पाठ होतं. पण पडवीतल्या चार माणसांचं भय त्याच्या पाठांतरापेक्षा मोठं होतं.

पालखी आली. ढोल, ताशा, गुलाल, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. अनिलने खांदा दिला, पालखी नाचायला लागली, आणि दुसऱ्या फेरीतच राजश्रीला त्याच्या पाठीवरचा घाम दिसला. सगळेच घामाने भिजले होते, पण हा घाम वेगळा, हे तिला लांबून कळलं. मग त्याचे गुडघे थरथरले. कोणीतरी खांदा बदलला. अनिल मटकन खाली बसला, डोळे एका जागी लागलेले, मान डुलते आहे आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं चाललंय.

"थांबा! कोनी शिवू नका," बाळा गुरव हात वर करून म्हणाला. हा बाळा गुरव देवाची पूजा करणारा, गाऱ्हाणं घालणारा, सरळ आणि श्रद्धेचा माणूस. "मानकऱ्यावर वारा आला."

ढोल थांबले. पाचपन्नास माणसांनी हात जोडले. बाळा अनिलसमोर वाकला. "बोल देवा म्हाराजा, काय चुकला आमचा? सेवेत काय कमी पडला?"

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

बायका ओटीवर उभ्या होत्या. राजश्री पुढे झाली तर गंगेने तिचा दंड धरला. "वैनी, खुली काय? अंगात देव असताना बायकांनी शिवायचा नाय."

राजश्रीचा हात कनवटीवर गेला. सांगू? सांगून टाकू? 'देव नाही हो, साखर उतरलीय, तो सुईवर आहे.' मग चर्चा होईल. मग कोणी म्हणेल, बाई देवाला खोटा पाडते. मग सखूकाकी रडेल. तोवर याची शुद्ध गेली तर? शुद्ध गेली की तोंडात काही घालता येत नाही. वेळ नव्हता. तिने पिशवी ओढून काढली आणि ओरडली, "देव साखर मागतोय! मी ऐकला. साखर मागतोय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाळाने क्षणभर विचार केला, मग त्याचा चेहरा उजळला. "होय रे म्हाराजा! साखर आना ती."

आणि या भल्या माणसाने ती साखर घेतली, ताटात ओतली, ताट पालखीपुढे ठेवलं, आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. बाळाचं गाऱ्हाणं म्हणजे वाडीतल्या प्रत्येक घराचं नाव, मुंबईकर चाकरमानी, गुरंढोरं, आंब्याचा मोहर, सगळं आलं. इकडे अनिलची मान छातीवर पडायला लागली. राजश्रीला वाटलं, आपण इथेच, या गाऱ्हाण्यात विधवा होणार.

"ताटात नको!" ती पुन्हा ओरडली. "देवाला तोंडात पायजे. आत्ता पायजे!"

बाळाने डोळे उघडले, चिमूटभर साखर अनिलच्या ओठांना लावली. अनिलने जीभ फिरवली. "आनखी," राजश्री म्हणाली. बाळाने आणखी घातली. "आनखी. सगली." साखर गेली, वर तांब्याभर पाणी गेलं, आणि हळूहळू अनिलचे डोळे जागेवर आले. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "पालखी खंय गेली?"

अंगणात एकच गजर झाला. राजश्री ओटीवरच बसली.  नवरा वाचला होता, खांदा राहिला होता, गुपित राहिलं होतं. एका खोट्याने इतकं सगळं राहतं म्हटल्यावर माणूस त्या खोट्याला नावं ठेवत नाही.

पण वाडी काही विसरायला बसली नव्हती. देवाने साखर मागितली म्हणजे ती मागितली. देवळात साखरेची बरणी आली. पुढे एका मुलीला उपासाने भोवळ आली, तिला बरणीतली साखर दिली, ती उठून बसली. झालं, वाडीचा विश्वास पक्का. राजश्रीला तर बरंच वाटलं. चला, कारण काही का समजेनात, साखर द्यायला तर शिकले. उद्या आपण जवळ नसलो तरी कोणीतरी अनिलच्या तोंडात साखर घालेल. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा निर्धास्त झोपली.

भाताची लावणी उरकल्यावर एकदा ती इन्सुलिन आणायला रत्नागिरीला गेली. दुपारच्या एसटीने परतली, फाट्यावर उतरली, तर गंगा समोरून छत्री घेऊन येत होती. चेहरा काही दुःखी नव्हता. "वैनी, बरी आलीस. सखूकाकीवर वारा आला सकालपासून. बोबडी बोलतेय, हातातली फुकनी गलली. घाबरू नको, देवाची साखर दिली हाय."

राजश्रीच्या हातातली पिशवी तशीच राहिली आणि पाय धावायला लागले. बोबडी. हात गळला. सकाळपासून. अनिलच्या दुखण्यात हातपाय थरथरतात, एक हात असा गळून पडत नाही; तो लकवा, हेही सिस्टरने तेव्हा सांगितलं होतं. चिखलातून धावताना ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणत होती, साखर मी दिली, साखर मी दिली.

सखूकाकी पडवीत खांबाला टेकून बसवलेली होती. कपाळाला अंगारा, समोर निरांजन. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली, आणि त्या बाजूच्या ओठातून साखरेची लाळ हनुवटीवर येत होती. भोवती माणसं हात जोडून. बाळा गुरव तिच्याजवळ बसून चमच्याने आणखी साखरपाणी घालत होता, आणि प्रत्येक चमच्याला काकीला ठसका लागत होता.

"थांबवा!" राजश्रीने त्याचा हात धरला. तिने पदराच्या टोकाने काकीच्या तोंडातली साखर पुसून काढली, तिला कुशीवर निजवलं, आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावा म्हणून ओरडली. "ह्या देवाचा नाय. हा झटका हाय, लकव्याचा. तोंडात काय घालू नका."

दाराशी अनिल उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. पुढे ॲम्ब्युलन्समध्ये तो तिला हळूच म्हणाला, "माला वेगला वाटला होता गो. पन बोललो असतो तर विचारला असता, तुला कसा ठाव?" राजश्री त्याच्यावर चिडली नाही. तिला त्याची दया आली, आणि स्वतःची शिसारी आली.

डॉक्टरांनी केलं ते केलं. "सकाळीच आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. काकी वाचली. उजवा हात गेला आणि शब्द गेले. येईल त्याला केरूकाकांची गोष्ट सांगणारी बाई, आता तिच्या तोंडून "बा, बा" एवढंच निघे, आणि ते काय म्हणायचं असे हे कोणालाच कळत नसे.

तिला घरी आणलं त्या संध्याकाळी अख्खी वाडी पडवीत जमली. बाळा गुरव काकीच्या पायाशी बसला. "देवाने राखली," तो म्हणाला. "साखर येलेवर पोटात गेली म्हनून राखली. आता मी काय ठरवलंय, गनपतीत देवलातली साखर घराघरात पुडी करून देऊया. कोनाला काय झाला, आधी ती द्यायची. दवाखाना मग."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अनिलने राजश्रीकडे पाहिलं. गप्प बस, असं त्या डोळ्यांत होतं, आणि भीक होती. राजश्रीला दिसल्या त्या घराघरातल्या पुड्या. उद्या कोणाच्या छातीत कळ येईल, पुडी. कोणाला साप चावेल, पुडी. कोणाचं तान्हं निपचित पडेल, पुडी. आणि प्रत्येक पुडीवर तिचा हात.

"बाळादादा," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, "साखर देवाने मागितली नव्हती. मी मागितली होती."

मग ती आत गेली, फ्रिजमधला शेवयांचा डबा आणला आणि सगळ्यांसमोर उघडला. तिने सगळं सांगितलं. सुई, न्याहारी, घाम, थरथर, ओरडणं, खोटं. सिस्टरने म्हणून घेतलेला पाढा तिने आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटला. साखर कधी द्यायची. कधी द्यायची नाही. चेहरा वाकडा झाला, हात गळला, बोबडी वळली, तर क्षणभर थांबायचं नाही. बोलताना ती रडत होती, पण थांबली नाही.

 मग बाळाने आपल्या हाताच्या तळव्यांकडे पाहिलं. "म्हंजे सखूवैनीच्या तोंडात मी घालत होतो ती..." त्याने तळवे गुडघ्यांवर पुसले. "सकालपासून मी घालत होतो गो."

"तुमचा नाय हो दादा. माजा."

"तू सांगितला असतास तर आमी ऐकला नसता," बाळा म्हणाला. हे त्याने तिला दिलासा म्हणून सांगितलं की खरं म्हणून, कोण जाणे. दोन्ही असेल.

अनिल भिंतीला टेकून उभा होता. आता खांदा गेला, हे तो धरूनच चालला असावा. तेवढ्यात सखूकाकीने डावा हात उचलला. "बा," ती म्हणाली. हात अनिलकडे, मग डब्याकडे, मग पुन्हा अनिलकडे. दिवेलागणीची वेळ होती. त्याच्या सुईची वेळ. सुई म्हणजे वरचं बोलावणं असं सांगून जिचं आयुष्य गेलं, ती बाई त्याला सुई घे म्हणून सांगत होती; की जा, तूही जा, असं म्हणत होती, हेही कोणाला कळलं नाही. राजश्रीने आपल्याला हवा तो अर्थ घेतला. अनिलने तिथेच, सगळ्यांसमोर, सदरा वर करून पोटाला सुई टोचली. कोणी तोंड फिरवलं, कोणी टक लावून पाहिलं. मग मागून गंगेचा आवाज आला, "आता बगत काय बसलात? त्याला जेवायला वाडा आधी."

पुढच्या शिमग्याला पालखी पुन्हा उशिरा आली. पालखीला उशीर न करायला कोणी सांगितलं तरी ती ऐकणार आहे थोडीच! अंगणात ढोल थांबला. अनिल खांदा द्यायला पुढे झाला, तर बाळा गुरवाने हात आडवा धरला. राजश्रीला वाटलं, घेतला, खांदा काढून घेतला यांनी.

"जेवलास?" बाळाने भर अंगणात विचारलं.

अनिलने मान हलवली. नाही. रीतीसाठी त्याने आज सुईही थांबवून ठेवली होती.

"मग आधी जेव. देव थांबता."

आणि देव थांबला. पालखी अंगणात टेकवली, लोक अंगणाच्या दगडी गडग्यावर बसले, आणि अनिलने सुई घेऊन ओटीवर पाटावर बसून भाकरी नि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लं. राजश्री वाढत होती. तिचा एक हात सवयीने कनवटीकडे जात होता. साखर तिथेच होती, ती अजूनही असते. आज अंगणातल्या निम्म्या बायकांच्या कनवटीला ती होती, आणि कधी द्यायची नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

पडवीत खुर्चीवर सखूकाकी बसली होती. पालखी निघताना सगळ्यांनी देवाला हात जोडले, तसा तिनेही डावा हात उचलला आणि मांडीवर पडलेला उजवा हात त्याला जुळवायला उचलू गेली. तो निसटून खाली पडला. राजश्रीने ताट ठेवलं, जाऊन काकीचा तो हात उचलला, दुसऱ्या हाताला लावला, आणि पालखी वळणाआड जाईपर्यंत दोन्ही हात तसेच धरून ठेवले.